कलम सात : इतर खर्च

रकान्यात जागा अडीचशे अक्षरांची.
त्यात मला बसवायचं आहे
अख्खं टपर्स बेंड :
मिसिसिपीनं वळण बदललं तेव्हा मागे राहिलेलं गाव,
कॅटफिशचा एक कारखाना, आठ चर्चं,
आणि हे वाचनालय, ज्याच्या मागच्या खोलीत
मंगळवारी, गुरुवारी, संध्याकाळी सातला
बँकेनं टाकून दिलेले बारा लॅपटॉप
एकदम घोंघावू लागतात.

‘लाभार्थी : बारा’, मी लिहिते.
लाभार्थी या शब्दाला वास नसतो.
ओझेला टिलरीच्या हातांना असतो.
लिंबू चोळलं, व्हिनेगर चोळलं,
तरी नखांखाली मासा मुक्काम ठोकून.

पहिल्या दिवशी विचारलं होतं : का आलात?
बाकीच्यांनी लिहिलं, नोकरी.
तिनं लिहिलं :
आईच्या दफनासाठी साठवलेले पैसे
फोनवरचा एक गोड आवाज घेऊन गेला.
तो कुठल्या दारानं आत आला
ते मला बघायचंय.

नऊ वर्षं ती सरकत्या पट्ट्यासमोर उभी.
एखादा मासा बिघडलेला असेल तर
सुरी लावायच्या आधीच तिला कळतं.
कसं, ते सांगता येत नाही.
“तेच हवंय,” रेनार्ड म्हणाला
(आमचा शिक्षक, जॅक्सनहून येतो, परतताना डुलक्या घेतो)
आणि त्यानं पडद्यावर ओतल्या
कुठल्याशा दवाखान्याच्या चार हजार नोंदी :
कोण आलं, कुठून, किती वाजता.
“यातला सडका शोधा.”

ओझेलाचं बोट काचेवरून खाली, खाली,
आणि थांबलं.
पहाटेचे तीन सतरा.
नाव बरोबर. पासवर्ड बरोबर.
“पण ही बाई रात्रपाळीला नसतेच,” ती म्हणाली.
“महिनाभर बघा. एकदाही नाही.”

आता खर्च.
अनुदानातून घेता येतात परवाने, केबली, परीक्षेची फी,
वर बोधचिन्ह छापलेली दोनशे पेनंसुद्धा.
पेट्रोल नाही. रात्रीचं जेवण नाही.
पोरं सांभाळणारं माणूस तर नाहीच नाही.
आणि पुढच्या खोलीत, नकाशांच्या कपाटाआड,
मिसेस व्हर्डेल प्यू, वय एकाहत्तर,
सात पोरांना मांडीवर, पाठीवर, आवाजावर धरून असतात.
त्या नसत्या तर बारांचे पाच झाले असते.
म्हणून मी तीन तिमाह्या लिहीत आले :
‘तांत्रिक साहाय्यक, अर्धवेळ’.
कुणी विचारलं नाही.

चौथ्या तिमाहीला, बेरीज तपासून दे म्हणून
मीच ओझेलाकडे कागद सरकवला.
तेच बोट. खाली, खाली.
थांबलं.

ती हसेल असं वाटलं होतं मला.
“हे दार तुम्ही उघडं ठेवलंय,” ती म्हणाली.
“पोरांसाठीच ना,” मी म्हटलं.
“कशासाठी ते नोंदीत दिसत नाही.
एक दिवस कुणीतरी यातून आत येईल,
आणि मग चोर तुम्ही नसाल.
आम्ही असू, बाराच्या बारा.
आम्हाला चोर म्हणायला
त्यांना कधी फार वेळ लागला नाही.”

बाहेर कारखान्याचा भोंगा झाला.
तिनं कोट अंगात घातला होता,
पण निघाली नाही.

मी खोडलं. लिहिलं :
मुलं सांभाळणे. व्हर्डेल प्यू. आठवड्याला चार तास.
याशिवाय वर्ग चालत नाही, चालला नसता.
मागच्या तीन अहवालांत हे मी लपवलं होतं.
अजून नव्वद अक्षरं शिल्लक होती.
काय लिहावं सुचेना.

‘हा खर्च नियमांत बसत नाही’,
चौकट लाल झाली.
तरी पाठवायचं का? असं खाली विचारत होती.

“पाठवा,” ओझेला म्हणाली.

पुढच्या खोलीत एक पोर रडलं,
आणि थांबलं.